अव्या, तो हार माझ्या दुकानातला होता

अव्या, तू गेल्याची बातमी आली तेव्हा सगळ्यात आधी हसलो तो मी.

होळी होऊन गेली होती. सकाळी दुकानाचं शटर वर करून मी नुकताच बसलेलो, आणि आपल्या शाळेच्या ग्रुपवर तुझ्याच नंबरवरून मेसेज आला. तुझं पूर्ण नाव आणि पुढे, ‘यांचे आज पहाटे खोपट एसटी डेपोत हृदयविकाराच्या झटक्याने निधन झाले. अंत्यविधी संध्याकाळी.’ मी वाचलं आणि माझा अंगठा थांबलाच नाही. लिहिलं, ‘आता कुठल्या पोटनिवडणुकीला उभा राहतोयस?’ पुढे हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले ते पिवळे चेहरे. माझ्यामागून बाकीचे धावलेच. कोणी फ्लॉवरच्या गड्ड्याचा फोटो टाकला. कोणी लिहिलं, ‘सर, मागच्या वेळचं तेराव्याचं जेवण अजून बाकी आहे.’

मग तुझ्याच नंबरवरून दुसरा मेसेज आला. ‘काका, मी मुक्ता. बाबा खरंच गेले.’

ग्रुपवर बरेच जण हसलेले, काकाही बरेच. पण तो मेसेज माझ्या मेसेजला उत्तर म्हणून आला होता. मी माझा मेसेज पुसला. पुसल्याची खूण तिथे राहतेच, आणि तुझ्या मुलीने तो वाचलेलाच होता.

गेलेल्या माणसावर लिहिताना त्याचं शिक्षण, त्याचे विद्यार्थी, त्याचा स्वभाव असं सगळं लिहितात. ते बाकीचे लिहितील. तू गणिताचा किती चांगला शिक्षक होतास हे सांगायला अर्धी डोंबिवली आहे. मला तुझ्याशी एका चित्राबद्दल बोलायचं आहे. ते बोलणं तू माझ्या दुकानात सुरू केलं होतंस आणि मी ते टाळलं.

तुझा क्लास सुटला की तू माझ्या दुकानात यायचास. बसलेला घसा, शर्टाच्या बाहीवर खडू, हातात दोन कटिंग. निवडणूक लागली तेव्हाही येत होतास. महापालिकेची निवडणूक इतक्या वर्षांनी लागलेली, की माझ्यासारख्या फ्लेक्सवाल्याला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. त्यातून आता नुसत्या फ्लेक्सवर भागत नाही. कार्यकर्ते येऊन बसायचे, ‘दादा, स्टेटसला टाकायला काहीतरी खतरनाक दे ना.’ मग मी एकाच्या धडावर दुसऱ्याचं डोकं लावायचो. पक्ष बदललेल्याला सरड्याचं शेपूट, झोपलेल्या माजी नगरसेवकाला पाळणा. ज्याच्यासाठी केलं तो हसत बाहेर पडायचा आणि ज्याच्यावर केलं तो त्याच बाकावर येऊन बसायचा. त्यालाही तसंच काहीतरी हवं असायचं.

तू बघत असायचास. ‘पम्या, तू नक्की कोणाचा रे?’

‘ज्याची फाइल उघडलीय त्याचा,’ मी म्हणायचो. तू हसायचास. तेव्हा तू माझ्या स्क्रीनकडे तोंड करून बसायचास.

तू स्वतः उभा राहिलास त्यात मात्र गंमत नव्हती. तुझ्या दहावीच्या बॅचमधली श्रेया वडिलांच्या मागे स्कूटरवर बसून क्लासला येत होती. काँक्रीटसाठी रस्ता खणून ठेवलेला, ना कठडा, ना दिवा. स्कूटर त्या खड्ड्यात गेली. पोरीच्या हातात प्लेट बसवावी लागली आणि बोर्डाचे पेपर हुकले. तू अर्ज दिलेस, खेटे घातलेस, आणि एक दिवस दुकानात येऊन म्हणालास, ‘मी फॉर्म भरतोय. अपक्ष.’

‘पॅनल आहे, राजा,’ मी म्हणालो. ‘एकेका माणसाला चार बटणं दाबायचीत. त्यात अपक्षाचं बटण शोधत कोण बसणार?’

‘शोधतील. पोरं त्यांची पडतायत.’

चिन्ह म्हणून तू पाटी मागितली होतीस. मिळाली फुलकोबी. तू तो कागद माझ्या कीबोर्डवर ठेवलास आणि आपण दोघं इतके हसलो, की शेजारचा झेरॉक्सवाला बघायला आला. सांगतो तुला, अव्या, आता मागे वळून बघितलं की तिथपर्यंत सगळं ठीक होतं. ते हसणं आपलं दोघांचं होतं.

तुला साधं पत्रक हवं होतं. चार मुद्दे, खड्ड्याचा फोटो, आणि श्रेयाच्या वडिलांना विचारून तिच्या प्लास्टरमधल्या हाताचा फोटो. मी ते स्क्रीनवर मांडलं आणि नाक मुरडलं. ‘हे कोण वाचणार? समोरच्यांकडे गाड्या आहेत, ढोल आहेत, नाक्यानाक्यावर बॅनर आहेत. तुझ्याकडे काय आहे? फ्लॉवर. मग फ्लॉवरच दाखवू.’

खड्ड्यात फ्लॉवर लावायची कल्पना माझी. तू गमबूट घातलेस, मी मोबाइल धरला. तू खड्ड्यात एक गड्डा ठेवलास, त्याला झारीने पाणी घातलंस आणि मी सांगितलेलं वाक्य म्हणालास, ‘रस्ता नाही मिळाला, निदान भाजी तरी घ्या.’ ती रील वाऱ्यासारखी फिरली. माझ्या माजिवड्याच्या मेहुण्याने मलाच पाठवली, ‘तुमच्याकडचा हा येडा कोण?’ मंडईत भाजीवाल्या तुला बघून ओरडायच्या, ‘आले आले, उमेदवार आले.’ लोक गड्डा हातात घेऊन तुझ्यासोबत सेल्फी काढायचे. मला वाटलं, जमलं. तुलाही थोडे दिवस वाटलं असणार, कारण त्याच दिवसांत मी तुझा तो फोटो काढला. हात जोडून उभा राहिलास, मी म्हणालो, ‘नगरसेवक झालास की आधी तुझ्या घरासमोरचं गटार झाकशील बघ,’ आणि तू हात जोडलेल्या अवस्थेतच फिसकन हसलास. सगळ्या उमेदवारांच्या फोटोंत तो एकच खरा हसरा होता.

प्रचार संपायच्या जरा आधी तू आलास तो बसलाच नाहीस.

‘श्रेयाचे वडील भेटले,’ म्हणालास. ‘म्हणाले, सर, माझी मुलगी पडली त्या जागी तुम्ही भाजी लावलीत.’

‘त्यांना जोक कळला नाही रे.’

‘त्यांना कळला, पम्या.’

‘पण किती जणांनी बघितली ते बघ ना.’

‘बघितली ना. हसले आणि पुढचं बघायला लागले.’ तू उभ्याउभ्याच बोलत होतास. ‘त्या माणसाने त्याचा राग माझ्याकडे दिलेला. सांभाळ म्हणून दिलेला. आपण काय केलं त्याचं?’

मी म्हणालो, ‘निकाल लागू दे, मग बोलू.’ माझ्या मागे मशीन चालू होतं, फ्लेक्स बाहेर येत होता आणि मला तो कापायचा होता. त्या प्रश्नाला मी अजून उत्तर दिलेलं नाही.

निकालाच्या दुपारी तुझं डिपॉझिट गेलं. तू ग्रुपवर लिहिलंस, ‘भाजी करपली.’ मग फोन बंद करून घरी झोपून राहिलास. मी दुकानात होतो. विजयाचे बॅनर घ्यायला आलेले कार्यकर्ते गुलालाने माखून बाकावर बसलेले. मशीनला वेळ लागत होता. त्यातला एक म्हणाला, ‘काय दादा, तुमचे फ्लॉवरवाले सर गेले की.’ सगळे हसले. मीही हसलो. आणि स्क्रीनकडे वळून म्हणालो, ‘थांबा, तुम्हाला गंमत दाखवतो.’

श्रद्धांजलीच्या बोर्डाचा साचा आमच्या धंद्यात कायम तयार असतो. फिकट निळं आकाश, दोन समया, मध्ये गोल चौकट आणि तिच्यावर झेंडूचा हार. फोटो टाकला, नाव टाकलं की झालं. मी तुझा तो हसरा फोटो टाकला. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, खाली ‘कै.’ आणि तुझं नाव. अगदी तळाला बारीक अक्षरांत, ‘शोकाकुल: समस्त भाजीप्रेमी मतदार.’ जोक तेवढाच होता, त्या बारीक ओळीत. कार्यकर्ते बाकावरून घसरले. ‘दादा, पाठव ना, पाठव ना.’

माझ्या दुकानातून निघणाऱ्या प्रत्येक कामाच्या उजव्या कोपऱ्यात दुकानाचं नाव असतं. तुझ्या प्रचाराच्या फ्लेक्सवरही होतं. त्या चित्रावरून मी ते काढलं आणि मग पाठवलं. म्हणजे मला तेव्हाही कळत होतं. मी नंतर स्वतःला कितीतरी कारणं दिली, की मित्राचं दुःख हलकं करायचं होतं, की कोणीतरी केलंच असतं, की अशी चित्रं सगळ्याच पडलेल्यांची निघतात. पण ते नाव काढायला माझा हात गेला, त्याचं कारण मला अजून देता आलेलं नाही.

संध्याकाळपर्यंत चित्र एका पेजवर होतं, तिथून सगळीकडे. आपल्या ग्रुपवरही दुसऱ्याच कोणीतरी आणून टाकलं. आणि ते कोकणात तुझ्या गावी पोचलं. गावात तुझे थोरले भाऊ अण्णा, त्यांच्या फोनची काच तडकलेली. त्यांना दिसलं ते तुझं तोंड, हार आणि ‘कै.’. तळाची बारीक ओळ कोणी वाचली नाही. त्यांनी तुला फोन लावला, बंद. सुनंदावहिनींचा नंबर त्यांच्याकडे नव्हता.

पुढचं तू मला सांगितलंस, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, दोन कटिंग घेऊन आलास तेव्हा.

‘सकाळी फोन चालू केला तर अण्णा. मी हॅलो म्हटलं तर तो बोलेचना. मी म्हटलं, अण्णा, मीच बोलतोय. तर रडायला लागला. मग शिव्या.’ तू हसत होतास. ‘अंघोळी केल्या रे त्यांनी माझ्या नावाने. सगळ्या घराने. आईला पण घातली. एवढ्या थंडीत, रात्रीची.’

मी म्हणालो, ‘अरे, अशी खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं.’

‘सुनंदा पण तेच म्हणाली.’ तू चहा संपवलास. मग अगदी साधेपणाने विचारलंस, ‘कोणी केलं असेल रे?’

‘कोण सांगणार. पेजवाली पोरं असतात.’

माझ्या दुकानात डाव्या भिंतीवर नमुन्याचे बोर्ड लावलेले आहेत. वाढदिवस, उद्घाटन, श्रद्धांजली. तू त्यांच्याकडे बघितलंस. तुझ्या वडिलांचा बोर्ड मीच केला होता, आठवतं? तेव्हा तू हाराकडे बोट दाखवून म्हणाला होतास, ‘हे खालचं एक फूल अर्धंच आहे.’ नेटवरून घेतलेलं चित्र होतं, कडेला कापलं गेलेलं. मी म्हणालो होतो, नीट करतो. केलं नाही.

‘ते फूल अजून अर्धंच आहे,’ तू म्हणालास.

मशीन बंद होतं. रस्त्यावरून कुठलीतरी विजयाची मिरवणूक चाललेली आणि तिचा आवाज होता, त्यामुळे ऐकलं नाही असं दाखवता आलं. तू थोडा वेळ थांबलास. मग ‘चल, बॅच आहे’ म्हणून गेलास.

तू यायचं बंद केलं असतंस तर बरं झालं असतं. पण तू येत राहिलास. तसाच चहा, तसेच तुझ्या पोरांचे किस्से. फक्त खुर्ची फिरवून रस्त्याकडे तोंड करून बसायला लागलास. माझ्या स्क्रीनकडे तू पुन्हा कधी बघितलं नाहीस. मी ते रोज बघत होतो आणि रोज ठरवत होतो, की आज सांगू.

एक आठवण मधेच येते. लॉकडाऊनमध्ये माझं दुकान बंद होतं, तेव्हा तू तुझ्या क्लासचे व्हिडिओ माझ्याकडून करून घेतलेस. ‘मला हे टेक्निकल काही जमत नाही बुवा,’ म्हणायचास. मी रोज येऊन तुझ्यासमोर मोबाइल लावायचो आणि मला वाटायचं, मी तुला मदत करतोय. नंतर एकदा मुक्ता सहज बोलून गेली, की बाबा आधीचे सगळे व्हिडिओ स्वतःच करायचे. तू मला घरात बसून कुजू दिलं नाहीस, एवढंच त्यातलं काम होतं. तुझं लपवणं असं असायचं. दुसऱ्याला मान खाली घालायला लागू नये म्हणून. त्या अर्ध्या फुलाच्या वेळीही तू मला दार उघडून ठेवलं होतंस. मी आत आलो नाही.

आईने तुझ्यामागे लकडा लावला होता, ‘एकदा येऊन दिसून जा.’ फोनवरच्या आवाजाने तिचं समाधान होत नव्हतं. तू शिमग्याला जायचं ठरवलंस. कल्याणच्या, विठ्ठलवाडीच्या गाड्या भरलेल्या, म्हणून ठाण्याच्या खोपट डेपोतून पहाटेचं आरक्षण मिळवलंस. मला म्हणालास, ‘येतोस? पालखी पण बघशील.’ मी म्हणालो, काम आहे. काम होतं, पण तुझ्याशेजारी आठ-नऊ तास बसायची माझी हिंमत नव्हती. गाडीत मशीनचा आवाज नसतो.

खोपटला गाडी लागली होती. तू अण्णांना फोन करून सांगितलंस, बसतोय. पायरीवर पाय ठेवलास आणि तिथेच. कंडक्टरने तुझ्या फोनवरून घरी कळवलं. आईला तू जिवंत आहेस हे दाखवायला तू निघाला होतास, अव्या. हे वाक्य मी मनात खूप वेळा म्हणून बघितलं. ते कुठूनही धरलं तरी माझ्याच हातात येतं.

मुक्ताचा तो मेसेज वाचून मी दुकान तसंच टाकून तुझ्या घरी गेलो. वहिनी भिंतीला टेकून बसलेल्या. मुक्ता अण्णांशी फोनवर बोलत होती आणि तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की पलीकडे कोणी ऐकत नाहीये. तिने फोन स्पीकरवर टाकला.

‘बाय, शिमगो असलो म्हणून काय पण बोलू नये,’ अण्णा म्हणत होते. ‘पहाटेच फोन आलेला त्याचा. गाडीत बसतंय म्हणाला.’

‘अण्णाकाका, ते तिथेच...’

‘बापूस आहे ना तुझो तो? जरा लाज धर.’

तिने फोन माझ्यापुढे केला. ‘काका, तुम्ही बोला. तुमचं ऐकतील.’

मी म्हणालो, ‘अण्णा, मी पम्या बोलतोय. खरं आहे.’

‘मागच्या टायमाला पण खरंच होतं,’ अण्णा म्हणाले. ‘अंघोळी केल्या आम्ही. म्हातारीक थंडीत अंघोळ घातली, आठ दिवस तापाने पडली ती. आता परत नाय घालायचो.’

फोन बंद झाला. परत लावला, उचलला नाही.

त्यांना पटेल असं एकच वाक्य होतं, आणि ते जगात फक्त माझ्याकडे होतं. ‘अण्णा, मागचं खोटं मी केलेलं, म्हणून सांगतो, हे खोटं नाही.’ मी ते मेसेज करून पाठवू शकलो असतो. ग्रुपवर टाकू शकलो असतो, तिथेही अर्धे लोक अजून हसत होते. वाक्य तोंडापर्यंत आलेलं. पण समोर वहिनी होत्या. मी गॅलरीत गेलो आणि एकेकाला फोन करत बसलो, ‘अरे, खरंच गेला रे, शप्पथ.’ ‘पम्या, तू पण सामील का?’ असं मला एकाने विचारलं. मी म्हणालो, नाही.

अण्णांना गावच्याच एका माणसाने ठाण्याहून कळवलं तेव्हा पटलं. ते दुसऱ्या दिवशी पोचले. तोवर इथे राख गार झालेली. अग्नी मुक्ताने दिला. माणसं थोडीच होती. इमारतीतली, तुझे काही विद्यार्थी, आणि श्रेयाचे वडील. त्यांनी तुला खांदा दिला. त्यांना बातमी कळल्याबरोबर खरी वाटली होती. ते आधीही हसले नव्हते.

दिवसांमध्ये मी रोज तुझ्या घरी जात होतो. एकदा वहिनी म्हणाल्या, ‘भावोजी, उत्तरकार्याचा बोर्ड चौकात लावायचाय. लोकांना अजून खरं वाटत नाही. काल इस्त्रीवाला विचारतो, सर गावाहून कधी येणार. तुम्हीच करा. आणि फोटो तोच घ्या, हसतायत तो.’

‘तोच?’

‘तो काय त्या हलकटाच्या मालकीचा आहे? माझ्या नवऱ्याचा फोटो आहे तो.’ मग म्हणाल्या, ‘मला त्या माणसाला एकदा बघायचंय. शिव्या नाही द्यायच्या. नुसतं बघायचंय, दिसतो कसा.’

त्या माझ्यासमोर बसून हे बोलत होत्या. माझ्या हातात त्यांनीच दिलेलं पाण्याचं भांडं होतं.

दुकानात येऊन मी कॉम्प्युटर लावला. तुझं नाव शोधलं तर ती फाइल वर आली. उघडली. अव्या, सगळं जागेवर होतं. आकाश, समया, हार, तुझा फोटो, ‘कै.’. फक्त तळाची बारीक ओळ काढली असती तर बोर्ड तयार होता. मी तुझा मृत्यू आधीच करून ठेवला होता, तारीख तेवढी घालायची राहिलेली.

ती फाइल मी पुसली. कोऱ्या पानावर दुसरी केली. झेंडूचं एकेक फूल वेगळं लावून हार केला, एकही अर्धं ठेवलं नाही. आणि उजव्या कोपऱ्यात दुकानाचं नाव टाकलं, नेहमीपेक्षा मोठं. फ्लेक्स गुंडाळून तुझ्या घरी नेला. वहिनींनी तो उलगडायच्या आधी मी म्हणालो, ‘वहिनी, तुम्हाला ज्याला बघायचं होतं तो मीच.’

त्यांना आधी कळलं नाही. मुक्ताला कळलं. तिने हातातला मोबाइल खाली ठेवला.

मी सगळं सांगितलं. बाकावरचे कार्यकर्ते, काढलेलं नाव, अर्धं फूल. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी म्हटल्याप्रमाणे नुसतं बघत होत्या. मला वाटलेलं त्या रडतील, ओरडतील. त्यांनी विचारलं, ‘म्हणजे त्यांना माहीत होतं?’

‘हो.’

‘आणि ते मला बोलले नाहीत.’

मी मान खाली घातली.

‘सगळं सांगायचे हो मला. कोणत्या पोराने काय उत्तर लिहिलं ते पण जेवताना सांगायचे. एवढं एकच पोटात ठेवलं. तुमच्यासाठी.’ त्यांचा आवाज चढला नाही. ‘मी रोज त्यांच्यासमोर त्या माणसाला शिव्या घालायचे. ते ऐकून घ्यायचे. शेवटच्या दिवसांत माझ्यापासून त्यांना एकटं पाडलंत तुम्ही.’

हे मला सुचलं नव्हतं, अव्या. माझ्या अपराधाची मी इतकी उजळणी केली होती, की मला वाटलं त्यातलं सगळं मला पाठ आहे. हे त्यात नव्हतं.

‘तो बोर्ड घेऊन जा,’ वहिनी म्हणाल्या. ‘मी दुसरीकडून करून घेते.’

मुक्ताने दार उघडून धरलं. मी बाहेर पडताना ती काका म्हणाली नाही.

चौकात आता दुसऱ्या दुकानातला बोर्ड लागलाय. फोटो तोच आहे, हसरा. हारही तोच आहे, नेटवरचा, खाली एक फूल अर्धं. सगळे तिथूनच घेतात. खाली मित्रपरिवारात आपल्या वर्गातली सगळी नावं आहेत, जे हसले त्यांचीही. माझं नाही. ते बरोबर आहे. माझा बोर्ड दुकानात गुंडाळून ठेवलाय, तो कुठे लावता येणार नाही.

तुझं उत्तरकार्य होईपर्यंत मी रोज संध्याकाळी, तू चहा घेऊन यायचास त्या वेळेला, तिथे जाऊन उभा राहतो. लोक थबकतात. काही जणांच्या तोंडावर हसू येतं, मी ते येताना बघतो. काल एका रिक्षावाल्याने बोर्डाखाली रिक्षा लावली, मान बाहेर काढून वर बघितलं आणि माझ्याकडे बघून हसला.

‘काय साहेब, फ्लॉवरवाले सर परत मेले काय?’

‘खरंच गेले,’ मी म्हणालो.

‘तेव्हा पण असंच आलेलं मोबाइलवर. आमच्या स्टँडवर सगळ्यांनी बघितलेलं. हे खरं कशावरून?’

‘खोटं होतं ते मी केलेलं.’

त्याचं हसू जायला जरा वेळ लागला. मग त्याने बोर्डाकडे परत बघितलं नाही, माझ्याकडे बघत राहिला, वरपासून खालपर्यंत. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या तरी त्याने रिक्षा काढली नाही. मी मान खाली घातली नाही, अव्या. त्याचं बघून होईपर्यंत तिथेच उभा राहिलो.